शेऱ्याचा रकाना

मेहकर, १६ ऑगस्ट १९३८, मंगळवार

पाऊस ४२ सेंट.

ह्यांच्या मोजमापाच्या वहीची मागची पानं कोरी निघाली, म्हणून लिहायला घेतलं. कोणाला दाखवायचं नाही. खरं तेवढंच लिहायचं आणि थोडक्यात लिहायचं. मला पाल्हाळ आवडत नाही.

दुपारी तुळशीराम पोस्टमन पाकीट घेऊन आला. दारातूनच म्हणाला, "मालकाच्या नावचं हाय, बाई. सही लागते. कोन करते?" मी म्हटलं, आण इकडे, रोज करते तशीच करते. मग जीभ चावली. पण त्याने नुसता कागद पुढे केला. त्याला ऐकू कमी येतं, हे एक बरं आहे.

पाकीट नागपूरच्या पाऊस मोजणाऱ्या कचेरीकडून. तिथल्या मंडळींनी वऱ्हाडातल्या शास्त्रज्ञांचा आणि इंजिनिअरांचा सत्कार करायचं ठरवलं आहे. ४ सप्टेंबरला, बुलढाण्यात, गणपतीच्या मांडवात. तीन नावं आहेत. वरवट बकालचे एक इंजिनिअर, ज्यांनी खाऱ्या पाण्याच्या मुलखात गोड्या पाण्याच्या विहिरी काढून दिल्या. साखरखेर्ड्याचे एक शेतकीशास्त्रज्ञ, ज्यांनी ज्वारीच्या काणी रोगावर बियाण्याला गंधक चोळायला गावोगाव शिकवलं. आणि तिसरं नाव ह्यांचं. मेहकरचं पर्जन्यमापक यंत्र वीस वर्षं एकही दिवस न चुकता वाचल्याबद्दल.

नाव मी इथे लिहीत नाही. बायकोने नवऱ्याचं नाव घेऊ नये. कार्डावर रोज लिहिते ते सरकारी काम म्हणून.

हे जाऊन ९ तारखेला चार वर्षं झाली.

१७ ऑगस्ट, बुधवार

पाऊस ५ सेंट.

नीट लिहून ठेवते, म्हणजे माझं मलाच स्पष्ट राहील.

यंत्र आधी तहसिलीत होतं. तिथे निंबाचं झाड वर आलं, म्हणून हे ओव्हरसियर असताना आमच्या मोकळ्या अंगणात आणून बसवलं. नरसाळं, त्याखाली बाटली, आणि मोजायचा काचेचा ग्लास, त्यावर इंचाच्या शंभराव्या भागाच्या, म्हणजे सेंटांच्या खुणा. रोज सकाळी आठला वाचायचं, कार्डावर आकडा लिहायचा, सही करायची, पोस्टात टाकायचं. हे पेन्शनीत निघाले तरी काम ह्यांच्याकडेच राहिलं. हे गेल्यावर नवा माणूस नेमला जाईपर्यंत मी पाहते आहे. अजून कोणी आलेलं नाही. हे गेले हे कचेरीला कळवायचं माझ्याकडून राहून गेलं. कामाच्या गडबडीत.

यात लपवाछपवी काही नाही. कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी तोंडावर खरं बोलणारी बाई आहे, सारं मेहकर जाणतं.

कोणाला संशय येण्यासारखं मी काही ठेवलेलंही नाही. सही हे अंथरुणाला खिळले तेव्हाच पाटीवर कोळशाने गिरवून शिकले होते. दुकानाच्या पुड्यांचे कागद वाचून वाचायला शिकले, तर सही काय मोठी. शेऱ्याचा रकानाही ह्यांच्यासारखाच भरते. हे लिहीत, "हलका. संध्याकाळी." मीही तसंच थोडक्यात. आजचा माझा शेरा: "हलका. संध्याकाळी. झुंबरबाईने पापड वाळत घातले होते ते मी सांगूनही काढले नाहीत, सगळे भिजले, आता म्हणते तुमच्या यंत्रानेच पाऊस ओढून आणला." कोणी शेजारी ठेवून पाहिलं तरी फरक सांगता येणार नाही.

उद्या नागपूरला पत्र लिहून खरं काय ते कळवायचं. ठरलं.

१८ ऑगस्ट, गुरुवार

पाऊस नाही.

पत्र लिहायला बसले. शाई पातळ झाली आहे. पातळ शाईने असं पत्र लिहू नये.

खरं कळवलं की ते यंत्र उचलून तहसिलीत नेतील आणि शिपायाच्या ताब्यात देतील. तो ग्लासात चहा पिईल. नेलं तर नेलं. मला काय. अंगण मोकळं होईल, चार कोथिंबिरीचे वाफे होतील. चार वर्षं भर पावसात उभी राहून गुडघे दुखायला लागलेत. सुटेन.

फक्त ती रोजची सही थांबेल. पण ते काही कारण नव्हे.

२० ऑगस्ट, शनिवार

पाऊस १७ सेंट.

नागपूरहून दुसरं पत्र. सत्काराला शाल आणि बांधलेलं पागोटं देणार आहेत, तरी डोक्याचं माप सुतळीने घेऊन पाठवावं. खाली सही, नारायणराव, चिटणीस.

ह्यांची काळी टोपी खुंटीवरच आहे. रोज झटकते ती धूळ बसते म्हणून. सुतळी आतून फिरवली, गाठ मारली, पाकिटात घातली, तुळशीरामाला दिली. खोटं बोलले नाही. माप खरं आहे. डोकं विचारलेलं नाही, माप विचारलं होतं.

तुळशीरामाने पाकीट दाबून पाहिलं. "काय धाडून राह्यले, बाई? राखी का?" मी म्हटलं, सरकारी काम आहे. तो हसला. ऐकू न आल्यामुळे हसला असावा.

शाई नवी आणली आहे. पत्र सोमवारी.

२४ ऑगस्ट, बुधवार

पाऊस ६३ सेंट. जोरदार.

पत्र अजून नाही. कारण चिंतामण भावजी.

चिंतामण भावजी म्हणजे माझे दीर. दोन गल्ल्या पलीकडे राहतात, वकिलाकडे कारकून आहेत. देहाने ह्यांच्या दीडपट, आवाजाने दुप्पट. आले, पाटावर बसले, मी पोहे आणेपर्यंत फडताळातलं पत्र काढून वाचलंसुद्धा. मग डोळे पुसले. मग पोहे खाल्ले. मग म्हणाले, "वहिनी, दादाचं नाव पुकारलं जाणार आणि खुर्ची रिकामी? छे! मी बसतो त्या खुर्चीत. नागपूरच्या लोकांनी दादाला कुठं पाहिलंय? भाऊ भावासारखाच दिसतो."

मी म्हटलं, हे खोटं होईल. ते म्हणाले, "खोटं कसं? मी काही बोलणारच नाही. ते बोलतील, मी ऐकेन. पागोटं घालतील, मी डोकं पुढे करेन. झालं."

मी हो म्हटलेलं नाही. नाही पण म्हटलेलं नाही. वडीलधाऱ्या माणसाला तोडून बोलू नये. ते माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेत, पण आता घरात तेच वडीलधारे.

विचार केला तर बेत वाईट नाही. ह्यांचा मान ह्यांना मिळेल, यंत्र अंगणात राहील, खरं पत्र मग सावकाश दिवाळीनंतर लिहिता येईल. शांत चित्ताने.

२५ ऑगस्ट, गुरुवार

पाऊस २ सेंट.

झुंबरबाई शेजारची. तिच्या मालकाची गावाबाहेर जमीन आहे, ती भाजी आणून देते आणि बदल्यात सगळं ऐकून जाते. आज विचारलं, "काऊन वो बाई, चिंतामणराव गल्लीत डोकं वर करून काऊन चालून राह्यले? मी इचारलं त म्हणते, आमचा सत्कार हाय."

मग तिला सांगावंच लागलं. बाहेर बोलू नको म्हटलं. ती म्हणाली, "मी कोनाले सांगू? आन् सांगाले उरलंय तरी कोन?" या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही. पुढे म्हणाली, "मी पन येतो बुलढान्याले. पन तुमी मांडवात मागं बसाल, बाई. आपल्यावानी बाईनं पागोट्याच्या आसपास फिरलं त लोकं नावं ठेवते." मी म्हटलं, मला पुढे बसायची हौस नाही. पुढे बसणाऱ्यांतली मी नव्हेच.

२८ ऑगस्ट, रविवार

पाऊस ३० सेंट.

भावजींना शिकवायला बसले. नारायणरावांचं तिसरं पत्र आलं आहे: शाळेच्या मुलांना ग्लास कसा वाचावा हे सत्कारमूर्तींनी करून दाखवावं. हे ऐकून भावजी म्हणाले, "त्यात काय, पाणी ते पाणी."

ग्लासात पाणी घालून दाखवलं. शंभर सेंटांचा एक इंच. पाणी काचेच्या कडेला जरा वर चढतं, ते वाचायचं नाही. मध्ये जो खोलगट तळ दिसतो तो वाचायचा. कडेचं वाचलं की दोन सेंट जास्त येतात, आणि मेहकरात दोन सेंट जास्त पाऊस पडल्याचं सरकारदरबारी लागतं. हे म्हणत, न पडलेला पाऊस लिहू नये, लोक त्यावर पेरण्या करतात.

भावजींनी हो हो म्हटलं आणि कडेचं वाचलं. सात वेळा. आठव्यांदा बरोबर आलं, पण तेव्हा मी बोट धरलं होतं.

भाषण मात्र पाठ केलं आहे. बोलणारच नाही म्हणाले होते, तर आता एकवीस मिनिटांचं आहे. त्यात "माझ्या साध्वी पत्नीचा मला सतत पाठिंबा" असं एक वाक्य होतं. ते मी काढायला लावलं.

तयारी एकंदरीत उत्तम.

३ सप्टेंबर, शनिवार

पाऊस नाही. ढग आहेत.

अडचण. बुलढाण्याची मोटर सकाळी सातला सुटते. ग्लास आठला वाचायचा असतो. वीस वर्षं न चुकता म्हणून सत्कार, आणि सत्काराच्याच दिवशी चुकवायचा?

सातच्या आत वाचून आठ लिहिता येईल. भावजींनी हेच सुचवलं. मी म्हटलं, असलं खोटं माझ्याने व्हायचं नाही. ते माझ्याकडे बघतच राहिले. का कोण जाणे.

मी ठरवलं आहे की मी जाणार नाही. भावजी आणि झुंबरबाई जातील. मला काय बघायचंय तिथे. तुळशीराम कार्ड न्यायला आला त्यालाही हे सांगितलं. तो म्हणाला, "आठ वाजता ना? बरं." आणि मोटरस्टँडच्या बाजूला गेला. पोस्ट उलट्या बाजूला आहे. म्हातारा झाला बिचारा.

४ सप्टेंबर, रविवार

पाऊस ११ सेंट.

सगळं क्रमाने लिहिते. मी अगदी शांत आहे.

आठला वाचलं, कार्ड भरलं. झुंबरबाई धापा टाकत आली, "चाला लवकर, मोटर उभी हाय!" नशीब बघा, आजच नेमकी मोटर तासभर उशिरा सुटली. आत लोक भरलेले, पण कोणी कुरकूर केली नाही. ड्रायव्हरने विचारलं, "किती झाला, बाई?" मी म्हटलं, अकरा. सगळ्या मोटरभर "अकरा, अकरा" असं मागेपर्यंत गेलं. मेहकरच्या लोकांना शास्त्राची गोडी आहे, हे मला माहीत नव्हतं.

भावजी चिखलीपर्यंत भाषण म्हणत आले आणि चिखलीनंतर त्यांना मोटर लागली.

मांडव भरलेला. बायका एका बाजूला, मी सगळ्यांत मागे, खांबाशी. पुढे तीन खुर्च्या. विहिरींचे इंजिनिअर, हात कुदळीसारखे. ज्वारीचे शास्त्रज्ञ, इतके लाजाळू की शाल पांघरताना डोळे मिटून घेतले. दोघांनीही बोलताना सगळं श्रेय गावच्या लोकांना दिलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. चांगली माणसं. आणि तिसऱ्या खुर्चीत आमचे भावजी, घाम पुसत.

नारायणराव म्हणजे बारीक, चष्म्याला दोरा बांधलेले म्हातारे गृहस्थ. त्यांनी ह्यांचं नाव घेतलं. मोठ्याने. चार वर्षांत कोणी इतक्या मोठ्याने घेतलं नव्हतं. माझ्या डोळ्यात मांडवाची धूळ गेली.

मग म्हणाले, आधी मुलांना ग्लास वाचून दाखवा. भावजी उठले. ग्लास उचलला, डोळ्यापासून हातभर लांब धरला आणि गरजले, "चाळीस!"

नारायणराव म्हणाले, "नक्की?"

"चाळीस! वीस वर्षांचा अनुभव आहे!"

मी खांब घट्ट धरला होता. बोलायचं नाही असं ठरलं होतं. पण पोरं पाटीवर चाळीस लिहायला लागली. शंभर पोरं चुकीचं लिहीत होती आणि ह्यांच्या नावावर लिहीत होती.

माझ्या तोंडून निघून गेलं. "भावजी, मधलं वाचा! अडतीस आहे!"

सगळा मांडव वळला. झुंबरबाईने पदर तोंडात घातला. भावजींनी ग्लास खाली ठेवला, पाठ दुखत असल्यासारखी दोन्ही हातांनी कंबर दाबली आणि "अडतीस" असं पुटपुटत जाऊन थेट श्रोत्यांत बसले.

नारायणरावांनी ग्लास डोळ्यासमोर धरला. "अडतीसच," ते म्हणाले. "या कौशल्याबाई. आम्ही तुमचीच वाट पाहत होतो."

मी खांब सोडला नाही. झुंबरबाईने मागून ढकललं. "जा ना वो! आता काय लपून राह्यल्या?" मी म्हटलं, लोक नावं ठेवतील, तूच म्हणालीस. ती म्हणाली, "ठिवते त ठिवू द्या. मी हाय ना इथं!"

पुढे टेबलावर मेहकरची वीस वर्षांची कार्डं मांडली होती. नारायणरावांनी एक काढून माझ्या हातात दिलं. ९ ऑगस्ट १९३४. अक्षर माझं. पाऊस १ इंच १२ सेंट. आणि शेऱ्याच्या रकान्यात:

"पहाटे साडेपाचला गेले. तेव्हा पाऊस चालू होता. किती झाला म्हणून विचारत होते. आठला मोजला. आता सांगायला कोणी नाही म्हणून इथे लिहिते."

खाली ह्यांच्या नावाची सही.

हे मी लिहिलं होतं. त्या दिवशी घरात माणसं भरली होती आणि मी अंगणात ग्लास घेऊन उभी होते, एवढंच मला आठवतं. कार्ड लिहिलेलं आठवत नाही. चार वर्षं जे लपवलं, ते मीच पहिल्या दिवशी, आपल्या हाताने, पोस्टाने कळवलं होतं.

मी विचारलं, मग पत्रं ह्यांच्या नावाने का पाठवलीत? नारायणराव म्हणाले, "सही ज्याची, पत्र त्याला, असा कचेरीचा नियम आहे, बाई. नियम मोडायला धीर होत नव्हता, तुम्हाला कळवायलाही होत नव्हता. मग सुतळी आली. टोपीचं माप आहे हे सुतळीला चिकटलेल्या काळ्या धाग्यावरून कळत होतं. म्हटलं, बाई येतील."

मग हळूच विचारलं, "त्या पापडांचं पुढे काय झालं? आमचे कारकून विचारतात." दर सोमवारी मेहकरची आठवड्याची कार्डं नागपुरात मोठ्याने वाचतात म्हणे. झुंबरबाईला सारी कचेरी ओळखते. हे तिला सांगितल्यापासून ती माझ्याशी जरा ताठ वागते आहे.

शाल माझ्या खांद्यावर घातली. पागोटं दोन्ही हातांवर दिलं. मला बोलायला सांगितलं. मी म्हटलं, मधलं वाचायचं, कडेचं नाही. आणि खाली उतरले. ह्यांच्या सत्काराचं भाषण ते एवढंच झालं.

५ सप्टेंबर, सोमवार

पाऊस नाही.

तुळशीराम आला. मी मुद्दाम हळू आवाजात म्हटलं, परवा तू मोटरस्टँडवर कशाला गेलास? तो म्हणाला, "ड्रायव्हरले सांगाले, बाईचं आठ वाजल्याबिगर मोटर हलवू नोको म्हनून." मी म्हटलं, तुला ऐकू येतं? "मले काऊन नाई येनार? तुमीच म्हनता मले आयकू येत नाई. मी म्हटलं, बाईले बरं वाटते त राहू द्या."

म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पोस्टात, मोटरस्टँडवर, तहसिलीत. न कळलेली मी एकटी.

पागोटं टोपीवर बसवून पाहिलं. सुताइतकं बरोबर बसलं. भावजी म्हणाले, एकदा घालून बघू का. त्यांच्या डोक्यावर ते वाटीसारखं दिसलं. दोघं खूप हसलो. मग ते थोडे रडले. मी नाही.

यंत्र अंगणातच राहणार. नारायणरावांनी शब्द दिला आहे. मात्र १ ऑक्टोबरपासून नेमणूक माझ्या नावाने. सही माझ्या नावाची. मी म्हटलं, अगदी योग्य. हेच मला चार वर्षं हवं होतं.

१ ऑक्टोबर, शनिवार

पाऊस नाही. आकाश निवळलं.

आजपासून मी सरकारमान्य. नवी कार्डं आली, वर छापलं आहे, कौशल्याबाई. सकाळी आठला वाचलं, पेन उचललं, सही केली. ह्यांच्या नावाची. कार्ड बाद.

दुसरं घेतलं. त्यावरही तीच. हात वळणावर आपोआप जातो.

तिसऱ्या कार्डावर "कौशल्याबाई" जमलं. पोरीच्या पाटीवरच्यासारखं वेडंवाकडं. तुळशीरामाने उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "आज मालकाची सही नाई?" मी म्हटलं, नाही. आता ते पेन्शनीत निघाले.

शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

बाद झालेली दोन कार्डं चुलीत घालायची होती. ती या वहीत ठेवली आहेत. पानं सरळ राहतात म्हणून. वहीत अजून साठ-सत्तर पानं कोरी आहेत. रोजचा आकडा इथेही उतरून ठेवावा, म्हणजे ताळा राहील. आकडा आला की खाली सही आलीच. सहीशिवाय आकडा ग्राह्य धरत नाहीत, हे म्हणत.

हे काही सरकारी काम नाही. तरी लिहिते.

पाऊस ० इंच ० सेंट.

वैजनाथ